पोरगं ऐकत नाही की त्याला कळतच नाही? भाषेची आणि वागणुकीची अडचण असलेल्या मुलांसाठी वर्गात काय करायचं, क्रमाने

जुलै निम्मा झाला की शिक्षकांच्या ग्रुपवर तोच मेसेज येतो, "वर्गात एक पोरगं आहे, अजिबात ऐकत नाही, काय करावं?" आणि खाली उत्तरं पण तीच, पुढच्या बाकावर बसवा, पालकांना बोलवा, कुठे दाखवून घ्या. यातला एकही सल्ला वाईट नाही पण सगळे चुकीच्या क्रमाने होतात. वागणूक डोळ्याला दिसते म्हणून आपण तिच्यापासून सुरू करतो, आणि भाषेचं बघायचं राहूनच जातं. ज्या पोराला दिवसाचे पाच तास समोरचं बोलणं अर्धंच कळतंय ते चुळबुळ करणार, शेजारच्याला चिमटे काढणार, नाहीतर गप्प बसून खिडकीबाहेर बघणार.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे, आधी कान, मग भाषा, मग वागणूक. हा क्रम मोडू नका. खालचं सगळं मी पहिली ते पाचवी डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, सहावी-सातवीला पण थोड्या फरकाने चालतं.

सुरू करण्याआधीची तयारी

एक साधी वही घ्या, त्या मुलासाठी वेगळी. हजेरीच्या मागच्या पानावर लिहू नका, ते हरवतं आणि पुढे डॉक्टरला किंवा विशेष शिक्षकाला दाखवायची वेळ आली की हातात काही नसतं. वहीवर मुलाचं पूर्ण नाव टाकायची गरज नाही, अक्षर पुरे, कारण ती टेबलावर पडून राहते आणि बाकीची पोरं वाचतात.

मुलाच्या घरी कोणती बोली बोलतात ते शोधा. आपल्या खानदेशात हे गृहीत धरता येत नाही. एकाच वर्गात अहिराणीचं पोर असतं, रावेर-यावलकडे लेवा बोलीचं आणि तडवी घरातलं असतं, चोपड्याच्या वरच्या पाड्यांवर आणि धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी आणि भिली, नवापूरकडे मावची, चाळीसगाव-जामनेरच्या तांड्यांवर गोरमाटी, भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमधलं हिंदी. दाखल्यावर "मातृभाषा मराठी" लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, पुष्कळ वेळा ते विचारून लिहिलेलंच नसतं.

त्या बोलीचं एक मोठं पोर (चौथी-सातवीतलं) आणि एक मोठं माणूस हाताशी ठेवा. अंगणवाडी सेविका, आशा ताई, खिचडी शिजवणाऱ्या मावशी, कुणीही चालेल. मावशींना पोरांबद्दल जेवढं माहीत असतं तेवढं आपल्याला वर्षभरात कळत नाही.

आणि स्वतःला निदान पंधरा दिवस द्या. पंधरा दिवस कोणताही शिक्का मारायचा नाही, "मंद", "द्वाड", "एलडी" (अध्ययन अक्षमता) काहीच नाही, स्टाफरूममधे सुद्धा नाही.

टप्पा १ : कान, डोळे, झोप, पोट

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो, आणि सगळ्यात स्वस्त आहे.

कानाची साधी चाचणी अशी. मूल तुमच्याकडे पाठ करून उभं राहील. तुम्ही हातभर अंतरावर मागे उभे राहा, त्याला एका कानावर बोट हलकं दाबून धरायला सांगा, आणि कुजबुजत्या आवाजात त्याच्या बोलीतले ओळखीचे शब्द म्हणा, म्हणजे पाणी, भाकर, बैल, असे. त्याने परत म्हणायचे किंवा चित्रावर बोट ठेवायचं. मग दुसरा कान. शब्द बोलीतलेच घ्या, नाहीतर तुम्ही कान तपासताय की मराठी तेच कळणार नाही.

लक्ष ठेवा : ही चाचणी जमली म्हणजे कान ठीक असं धरू नका. सर्दीत कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं तेव्हा ऐकू कमी येतं, सर्दी उतरली की बरं वाटतं, म्हणून पावसाळ्यात "कधी ऐकतो कधी नाही" अशी तक्रार येते आणि आपण म्हणतो की मुद्दाम करतो. कान वाहत असेल, मूल सारखं "हां?" करत असेल, टीव्ही मोठा लावत असेल, तोंडाकडे बघूनच बोलणं समजून घेत असेल तर सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. आणि घरी कानात तेल टाकत असतील तर ते बंद करायला सांगा, गोडीने सांगा.

डोळ्यांसाठी एवढंच बघा, फळ्यावरून उतरवताना चुका आणि पुस्तकातून उतरवताना बरोबर, असं आहे का.

झोपेचं जरूर विचारा. शेतीला रात्रीची लाईट असली की घरातलं दहा वर्षाचं पोर बापासोबत पाणी भरायला जातं आणि सकाळी प्रार्थनेला डुलत उभं असतं. कापूस वेचणीच्या दिवसात आई पहाटे जाते, पोर उपाशी येतं, आणि खिचडी होईपर्यंत त्याचं डोकं फिरलेलं असतं. अशा पोराला वर्तणूक योजना नको, सकाळी काहीतरी खायला पाहिजे.

टप्पा २ : फरक आहे की अडचण आहे ते वेगळं करा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा सावकाश लिहितो.

अहिराणी आणि लेवा बोलीत "ळ" चा "य" होतो. पोरगं "शाया" म्हणतं, "डोया" म्हणतं, "काया" म्हणतं. ण च्या जागी न येतो, "पानी", "कोन". बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या शिक्षकांना हे बोबडं वाटतं आणि ते "उच्चार दोष" लिहून मोकळे होतात. तो दोष नाही. घरातली आजी, बाप, सरपंच सगळे तसंच बोलतात. तसंच "मना बाप" (माझा बाप), "माले दे" (मला दे), "मी करस" (मी करतो) हे व्याकरणाच्या चुका नाहीत, अहिराणीचं ते व्याकरणच आहे. काही भिली बोलींमधे स च्या जागी ह येतो, तिथे पण तेच.

मग खरी अडचण कशी ओळखायची? एक नियम लक्षात ठेवा : भाषेची खरी अडचण मुलाच्या सगळ्या भाषांत दिसते. घरच्या बोलीत पोर झकास गोष्ट सांगत असेल आणि मराठीत अडत असेल तर ते फक्त नवीन भाषा शिकतंय. घरच्या बोलीत पण अडत असेल तर पुढे बघायला पाहिजे. दोन-तीन भाषा घरात आहेत म्हणून भाषेचा विकार होतो हा गैरसमज आहे, तसं होत नाही.

आई, आजी किंवा मोठ्या बहिणीला हे विचारा, त्यांच्याच बोलीत :

- पहिला शब्द कधी बोलला, दोन शब्द जोडून कधी बोलायला लागला? (तीन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नव्हता असं सांगितलं तर वहीत लिहा.)
- भाऊ-बहिणींच्या मानाने उशिरा बोलला का?
- चार वर्षाचा होता तेव्हा बाहेरच्या माणसाला त्याचं बोलणं कळायचं का?
- दोन कामं एकदम सांगितली तर करतो का, म्हणजे "घरमा जाय आनि तांब्या भरीसन लई ये" (घरात जा आणि तांब्या भरून घेऊन ये) असं म्हटलं तर घरात जाऊन नुसताच उभा राहतो का?
- आज काय झालं ते घरी येऊन सांगतो का, की "काय नही" म्हणून संपवतो?

मग त्या मोठ्या पोराला घेऊन या मुलाला एक चित्र दाखवा, बाजाराचं, लग्नाचं, कानबाईच्या मिरवणुकीचं, काहीही, आणि त्याच्या बोलीत त्यावर बोलू द्या. तुम्ही फक्त ऐका. वाक्यं पूर्ण होतात का, शब्द सापडत नाहीत म्हणून "ते, ते, हाई" असं होतं का, गोष्टीला मागचं-पुढचं आहे का, आणि मोठ्या पोरालाच तो काय म्हणतोय ते कळतंय का, हे लिहा.

इथे थांबा : घरी बोलतो, खेळताना ओरडतो, पण शाळेत एक अक्षर नाही, असं असेल तर दोन शक्यता आहेत. भाषा नवीन असेल तर काही आठवडे, कधी काही महिने सुद्धा, मूल गप्प राहून ऐकतं आणि ते चालतं. पण भाषा कळत असूनही शाळेत तोंडच उघडत नसेल, आणि शाळा सुरू होऊन महिनाभराच्या वर झाला तरी तेच असेल, तर ती भीतीची अडचण असू शकते आणि तिला जबरदस्ती अजिबात चालत नाही.

थांबायचंच नाही असं एक : आधी येत असलेलं बोलणं गेलं असेल, किंवा मूल मधेच काही सेकंद टक लावून हरवतं आणि मग त्याला काही आठवत नाही, तर पंधरा दिवस वगैरे काही नाही, लगेच डॉक्टर.

टप्पा ३ : अडचण नेमकी कुठे आहे

"भाषेत कच्चा" असं लिहू नका, त्याने पुढच्या माणसाला काहीच कळत नाही. यातलं काय आहे ते लिहा, एकापेक्षा जास्त पण असू शकतं :

१. समजण्यात अडचण. सूचना अर्धी पाळतो, दुसऱ्याचं बघून करतो, प्रश्न एक उत्तर दुसरंच. ही सगळ्यात लपून राहते, कारण मूल मान हलवतं. "आगाऊ" आणि "दुर्लक्ष करतो" म्हणून ज्यांची नावं येतात त्यात अशी पोरं बरीच निघतात.

२. सांगण्यात अडचण. कळतं सगळं, सांगता येत नाही. भांडणात हमखास मार खातो किंवा मार देतो, कारण दुसरा फटाफट सांगून मोकळा होतो आणि याला "आधी त्याने ढकललं" एवढं वाक्य जुळवायला वेळ लागतो, तोवर सर आले आणि शिक्षा झाली.

३. उच्चार. बोलीचा फरक वजा करून जे उरतं ते.

४. अडखळणं. पहिलं अक्षर पुन्हापुन्हा येतं, किंवा शब्द घशात अडकतो.

५. लोकांशी बोलायची रीत. आपल्याच विषयावर बोलत राहतो, थट्टा कळत नाही, नेहमीचं वेळापत्रक बदललं की बिथरतो.

आंतरराष्ट्रीय अभ्यासात दर तीस मुलांमागे साधारण दोन मुलांना भाषेची टिकून राहणारी अडचण सापडते, म्हणजे तुमच्या वर्गात असं मूल असणं यात नवल काही नाही.

टप्पा ४ : वागणूक लिहा, मत लिहू नका

पाच शाळेचे दिवस. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी : आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. वेळ आणि तास पण.

"खूप मस्ती केली" ही नोंद नाही. "११.४० गणित. फळ्यावर शाब्दिक उदाहरण लिहिलं. वहीचं पान फाडलं, बोळा करून फेकला. मी बाहेर उभं केलं, तास संपेपर्यंत." ही नोंद आहे.

आता समजा तिसरीतल्या एका मुलाच्या पाच दिवसांत अशा सहा नोंदी झाल्या आणि त्यातल्या पाच शाब्दिक उदाहरणाच्या वेळच्या निघाल्या. बेरीज-वजाबाकीची नुसती गणितं असताना काही होत नाही. म्हणजे गणित येतंय, वाक्य कळत नाहीये. आणि तिसरा रकाना वाचा, प्रत्येक वेळी बाहेर काढलं, म्हणजे न कळणाऱ्या गोष्टीतून सुटका झाली. आपल्या दृष्टीने ती शिक्षा होती, त्याच्या दृष्टीने तेच पाहिजे होतं, उद्या तो परत पान फाडणार.

कारणं साधारण चारच निघतात : काम टाळायचंय, कुणाचं लक्ष पाहिजे, एखादी वस्तू पाहिजे, किंवा शरीरालाच काहीतरी होतंय (आवाज, गर्दी, उकाडा). शेवटचं हलकं समजू नका. पत्र्याच्या वर्गात पाऊस लागला की कुणालाच काही ऐकू येत नाही, आणि एप्रिलमधे आपल्याकडे पारा ४२-४३ च्या वर जातो तेव्हा सकाळची शाळा असली तरी शेवटच्या तासाला ज्याला आधीच कमी कळतं त्याचं अजून कमी होतं.

तपासा : पाच दिवसांच्या नोंदी दुसऱ्या शिक्षकाला वाचायला द्या, मुलाचं नाव न सांगता. त्यांना कारण तुमच्यासारखंच वाटलं तर पुढे जा. नाही वाटलं तर अजून तीन दिवस लिहा.

टप्पा ५ : आधी तुमचं बोलणं बदला

मुलाला बदलायच्या आधी हे. पुष्कळ पोरांची निम्मी वागणूक इथेच शांत होते, आणि फायदा पूर्ण वर्गाला होतो.

सूचना एका वेळी एक. आपण सवयीने असं बोलतो, "चला वह्या काढा आणि ज्यांचा कालचा स्वाध्याय राहिलाय त्यांनी तो आधी पूर्ण करा नाहीतर पान ३२ वरचा उतारा वाचा पण मोठ्याने वाचू नका." यात तीन कामं, एक अट आणि एक नकार आहे. त्याऐवजी, "वही काढा." थांबा, सगळ्यांच्या निघू द्या. "कालचा स्वाध्याय उघडा." थांबा.

जो क्रम करायचा तोच क्रम बोला. "जेवायला बसण्याआधी हात धुवा" यात जेवण पहिलं ऐकू येतं. "हात धुवा, मग जेवायला बसा" म्हणा.

"समजलं का?" हा प्रश्न बंद करा. सगळे "हो" म्हणतात. "आता तू काय करणार ते सांग" किंवा "दाखव" म्हणा.

प्रश्न विचारला की मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. आपण एक-दोन सेकंदात दुसऱ्याला विचारून टाकतो. दहा सेकंदांची शांतता शिक्षकाला फार लांब वाटते, सुरुवातीला घाम फुटतो, पण या पोरांना शब्द गोळा करायला तेवढा वेळ लागतोच.

चूक दुरुस्त करायची तर ऐकवून करा, थांबवून नको. तो म्हणाला "मी काल मामाकडे जातो", तुम्ही म्हणा, "हो का, तू काल मामाकडे गेला होतास? मग काय केलं तिथे?" त्याला ते परत म्हणायला लावू नका. बोलीतलं वाक्य आलं तरी हेच, आधी त्याचं ऐका, मग प्रमाण मराठीतलं वाक्य सहज कानावर पडू द्या.

नवीन शब्द शिकवताना आधी बोलीतला शब्द, मग वस्तू किंवा हावभाव, मग तो शब्द तीन वेगळ्या वाक्यांत. शाब्दिक उदाहरणात "प्रत्येकी", "उरले", "पेक्षा", "एकूण" हे शब्द अडवतात, ते गणिताच्या आधी वेगळे घ्या. केळीच्या एका घडाला ८ फण्या, प्रत्येकी १५ केळी, हे घड काढून दाखवा, रावेर-यावलकडचं पोर तुम्हालाच फण्या मोजून दाखवेल.

दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लावा, परिपाठ, मराठी, गणित, खिचडी, खेळ. जे झालं त्यावर खडूने खूण. पुढे काय येणार हे दिसलं की काही पोरांची कुरकुर निम्मी होते, आणि बदल असेल तर तो सकाळीच सांगा.

आणि वर्गात एक वाक्य सगळ्यांसाठी मोकळं करा : "माले समजनं नही", म्हणजे मला समजलं नाही. ते म्हटल्यावर कुणी हसायचं नाही आणि सरांनी रागवायचं नाही. महिनाभरात बघा कोण कोण म्हणतं, तुमच्या अंदाजाबाहेरची पोरं म्हणतील.

अडखळणाऱ्या मुलासाठी वेगळं : त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, "हळू बोल, श्वास घे" पण म्हणू नका, त्याने तो अजून घाबरतो. नजर त्याच्यावर ठेवा, घाई दाखवू नका, हजेरीला "उपस्थित" म्हणायची सक्ती नको, हात वर केला तरी चालेल. वाचन जोडीने एकत्र घ्या, दोघांनी एका सुरात वाचलं की बहुतेक मुलं अडखळत नाहीत.

शाळेत न बोलणाऱ्या मुलासाठी : खुणा चालतील, मग मित्राच्या कानात, मग मित्रासोबत कोपऱ्यात, मग तुमच्यासमोर. आणि ज्या दिवशी बोलेल त्या दिवशी टाळ्या वाजवू नका. नेहमीसारखं उत्तर घ्या आणि पुढे जा.

टप्पा ६ : एकच वागणूक निवडा

हे टप्पा पाच निदान दोन आठवडे केल्यावरच. एकाच वेळी सगळं सुधारायला गेलात तर काहीच हाती लागत नाही.

"शांत बसेल" असं ध्येय ठेवू नका, काय करायचं नाही यापेक्षा काय करायचं ते ठरवा. वरच्या पोरासाठी : उदाहरण कळलं नाही की पान फाडायच्या ऐवजी लाल पुठ्ठ्याचा तुकडा टेबलाच्या कडेला ठेवायचा. तो दिसला की तुम्ही एका मिनिटात त्याच्याकडे जायचं. हे त्याला भांडणाच्या वेळी शिकवायचं नाही, सकाळी शांत असताना शिकवायचं, दोघांनी करून बघायचं, नाटक केल्यासारखं चार-पाच वेळा.

पहिले काही दिवस तुम्ही प्रत्येक वेळी गेलंच पाहिजे. एकदा पुठ्ठा ठेवून तुम्ही बघितलं नाही की तो परत पानाकडे वळतो, कारण पान फाडलं की तुम्ही नक्की येता.

कौतुक नेमकं करा. "शाब्बास" ने काही कळत नाही. "तू पान न फाडता पुठ्ठा ठेवलास" हे कळतं. हळू आवाजात, जवळ जाऊन.

"आधी-मग" वापरा : "आधी दोन उदाहरणं, मग बाहेरून पाण्याचा माठ भरून आण." नको असलेल्या कामाच्या मागे आवडीचं काम. लाच यापेक्षा वेगळी, लाच गोंधळ सुरू झाल्यावर देतात.

धोक्याची सूचना : जे वागणं आतापर्यंत फळ देत होतं त्याला फळ मिळायचं बंद झालं की ते आधी वाढतं. दोन-चार दिवस पानं जास्त फाटतील. बहुतेक शिक्षक इथेच "उपयोग नाही" म्हणून सोडून देतात आणि पोर शिकतं की जास्त जोर लावला की सर हार मानतात. म्हणून सुरू करायच्या आधीच ठरवा की तीन आठवडे सोडणार नाही.

खेळाचा तास कापू नका. या पोरांना बऱ्याचदा मैदानावरच मान मिळतो. आणि मारणं, उठाबशा, सगळ्यांसमोर अपमान, यावर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने बंदी आहे, शरीराला इजा आणि मनाला त्रास दोन्हीवर. कायदा बाजूला ठेवला तरी ज्याला बोलता येत नाही त्याला मारल्यावर तो सांगणार कुणाला, हा विचार करा.

टप्पा ७ : प्रकरण पेटलंच तर

बोलणं कमी करा. रागात असलेल्या मुलाला भाषा अजून कमी कळते, आणि नेमके तेव्हाच आपण जास्तीत जास्त बोलतो, "का केलंस, किती वेळा सांगितलं, तुझ्या बापाला बोलावू का". दोन शब्द पुरे, ते त्याच्या बोलीत, "आठे ये" (इकडे ये), "बठ" (बस). बाकीच्या पोरांना दूर न्या, त्याला ओढू नका. समोर उभे राहू नका, बाजूला थोडं खाली बसा. पाणी द्या.

"का केलं?" हा प्रश्न त्या दिवशी विचारूच नका. दुसऱ्या दिवशी तीन चित्रं काढा, आधी, मधे, नंतर, रेघांची माणसं चालतील, आणि त्यावरून बोला. तोंडाने जे येत नव्हतं ते चित्रावर बोट ठेवून येतं.

टप्पा ८ : घरच्यांशी बोलणं

शाळेच्या गेटवर चारचौघांत नाही. वेचणीच्या दिवसात दुपारी बोलावू नका, मजुरी बुडते, संध्याकाळी तुम्ही जा किंवा फोन करा. आधी मुलाची एक चांगली गोष्ट सांगा, खरी असलेली. मग तक्रार नाही, प्रश्न : "घरी कसं असतं?", "तुम्ही काय करता तेव्हा शांत होतो?" आईला उपाय माहीत असतो, तिला कुणी विचारलेलं नसतं.

तक्रार करून पाठवलंत तर रात्री त्याला घरी मार पडतो आणि सकाळी तो तुमच्याकडे बघायचं बंद करतो. हे आपल्यामुळे होतं, म्हणून शब्द सांभाळून.

सगळ्यात मोठी चूक : "घरी मराठीतच बोला" असा सल्ला देणं. देऊ नका. आई-आजी ज्या भाषेत मोकळेपणाने बोलतात, रागावतात, गोष्ट सांगतात, तिच्यातच मुलाची भाषा वाढते आणि शाळेची मराठी त्याच पायावर उभी राहते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० पण शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याबद्दल बोलतं. सांगायचं ते इतकंच, भाकरी टाकताना दहा मिनिटं पोराशी बोला, टीव्ही बंद करून, आणि तो बोलेल तेव्हा मधे तोडू नका.

काही घरं भगताकडे जाऊन आलेली असतात. त्यावर वाद घालू नका, माणसं दुरावतात. "ते करा, त्यासोबत कान पण तपासून घेऊ" एवढं म्हटलं की येतात.

टप्पा ९ : पुढे कुणाकडे आणि केव्हा

टप्पा पाच-सहा नीट सहा ते आठ आठवडे करूनही फरक नसेल, किंवा टप्पा दोनमधे घरच्या बोलीतही अडचण दिसली असेल, तर मुख्याध्यापकांना सांगून पुढचं सुरू करा. दुसऱ्या बाबतीत वाट बघू नका, वर्गातलं काम चालू ठेवून सोबतच पाठवा.

- गटसाधन केंद्रातले समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक, यांना शाळेत बोलवा, वही दाखवा.
- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा हे नाव आधीच काढून ठेवा, तीन मिनिटांच्या तपासणीत हे आपोआप सापडत नाही, तुम्ही सांगावं लागतं. पथक पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवू शकतं, ते केंद्र अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतं.
- जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, कान-नाक-घसा विभाग तिथे गाठता येतो.

जाताना वही सोबत द्या, किंवा तिची एक पानाची नक्कल : घरची बोली कोणती, टप्पा दोनची उत्तरं, तीन-चार नोंदी, काय करून बघितलं. त्यावर मोठ्या अक्षरात लिहा की मुलाची तपासणी घरच्या बोलीत समजणाऱ्या माणसासोबत व्हावी. पावरी बोलणाऱ्या मुलाची चाचणी मराठीत झाली तर निकाल चुकतो, आणि तो चुकलेला कागद वर्षानुवर्षं मागे लागतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधे २१ प्रकार आहेत, त्यात वाचा व भाषा दोष, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता येतात. अध्ययन अक्षमता साधारण तिसरीच्या आसपास, आठ वर्षं झाल्यावर तपासतात, पहिलीच्या पोराला तसं लिहून टाकू नका. उलट सातवी-आठवीपर्यंत लांबवू पण नका, दहावीला जादा वेळ आणि लेखनिक पाहिजे असेल तर प्रमाणपत्र वेळेत लागतं आणि नववीच्या शेवटी धावाधाव होते.

प्रमाणपत्र आलं म्हणजे वर्गातलं काम थांबलं असं होत नाही. आणि वर्गात कुणाला सांगायचं नाही. पोरांना एवढंच सांगा की कुणाला चष्मा लागतो, कुणाला जास्त वेळ लागतो, आणि "तोतऱ्या", "मुका" असली नावं पहिल्या दिवशीच बंद करा.

टप्पा १० : दर महिन्याला बघा, आणि वही पुढे द्या

महिन्यातून एकदा परत दोन दिवस तशीच नोंद घ्या आणि जुन्या नोंदींशी ताडून बघा. आठवणीवर जाऊ नका, वाईट दिवस जास्त लक्षात राहतो. सहाच्या चार नोंदी झाल्या तर ते चाललंय, तेच चालू ठेवा. काहीच हललं नाही तर टप्पा चारवर परत जा, बहुतेक वेळा कारण ओळखायला चुकलेलं असतं.

परीक्षेत जिथे भाषा तपासायची नाही तिथे तोंडी उत्तर घ्या. परिसर अभ्यासात पोराला बैलाचं सगळं माहीत असतं, फक्त लिहिता येत नाही म्हणून शून्य देऊ नका.

दिवाळीनंतर काही घरं ऊसतोडीला निघतात, कुणी बारडोलीकडे, कुणी खाली नगर-कोल्हापूरकडे. शिक्षण हमी कार्डासोबत (स्थलांतर करणाऱ्या मुलाला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शाळा देते ते कार्ड) एक चिठ्ठी द्या, तिकडच्या शिक्षकाला पाच ओळी : घरी कोणती बोली, एका वेळी एकच सूचना, दहा सेकंद थांबा, लाल पुठ्ठा म्हणजे मदत पाहिजे, रागावला की पाणी द्या आणि थोडा वेळ सोडा. चिठ्ठी आईच्या हातात द्या, दप्तरात नको, आणि तिचा फोटो काढून बापाच्या फोनवर पण पाठवा. एप्रिलमधे वर्ग बदलताना पुढच्या शिक्षकाला पण हीच चिठ्ठी आणि वही, समोर बसून, अर्धा तास काढून.